दोरीचा साप होतो, हत्ती होत नाही

पणजीत मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाकडे चालत गेलं की आदिलशहाच्या वाड्याशेजारी एक पुतळा लागतो. पायघोळ झग्यातला एक माणूस हात पुढे ताणून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक बाई मागे कलंडली आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी तिथे घेऊन गेलो होतो. त्यांच्यातल्या एका ताईंनी थबकून विचारलं, "हा तिचा गळा धरतोय की काय?"

मी सांगितलं, हा कांदोळीचा आबे फारिया. जन्म १७५६चा. पॅरिसमध्ये जाऊन ज्याने संमोहनाचं खरं कारण उलगडून दाखवलं, तो हा गोंयकार पाद्री. ताईंनी पुन्हा वर पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "अरे हो, ती पडत नाहीये. ती झोपतेय."

शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५पासून तिथे तसाच आहे. ताईंच्या दोन नजरांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात धातूचा एक कणही हलला नव्हता. तरी त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या, आणि पहिली गोष्ट आता त्यांना पुन्हा दिसणं कठीण आहे. हे नेमकं काय घडतं, ते मला इथे सांगायचं आहे. विषय तत्त्वज्ञांचा आणि मेंदूवैज्ञानिकांचा आहे. पण त्यातलं जवळजवळ सगळं आपल्या अंगणात, ओसरीवर तपासून पाहता येतं.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की डोळा म्हणजे कॅमेरा. बाहेर जग आहे, त्याचं चित्र आत उमटतं, मग मन त्यावर विचार करतं. विचारात चूक होईल, पण चित्र मात्र खरं. ही समजूत दोन मिनिटांत मोडता येते. कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्यापासून उजवीकडे आठ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच एकटक बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. बुबुळामागच्या पडद्यातून जिथे नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून तेवढ्या जागेत डोळा आंधळा असतो. पण नीट पाहा: ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही. तिथे कागदाचा कोरा पांढरा रंग दिसतो. तो कुठून आला? डोळ्याने तर तिथून काहीच पाठवलेलं नाही. आजूबाजूला पांढरं आहे, म्हणजे इथेही पांढरंच असणार, असं धरून मेंदूने ती जागा भरून काढली.

दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या भागात, फार तर त्याहून किंचित मोठ्या. बाकी सगळं अंधुक. डोळा सेकंदाला तीनेक वेळा इकडून तिकडे उड्या मारतो, आणि त्या तुकड्यांतून आपल्याला वाटतं की मिरामारचा सगळा किनारा एकाच वेळी लख्ख दिसतो आहे. तो अखंड किनारा जोडला जातो आत.

आता माझ्या मावशीची गोष्ट. ती फोंड्याला राहते. गेल्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पट्टी काढल्यावर चार दिवसांनी मी भेटायला गेलो, तेव्हा ती पलंगावर बसून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. मला म्हणाली, "अरे, ह्या दोळ्याक चादर धवी दिसता, त्या दोळ्याक हळदुवी." ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चादर पांढरी, किंचित निळसरसुद्धा, न झालेल्या डोळ्याला पिवळट.

याचं कारण साधं आहे. वयोमानाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात. मला भिडलं ते वेगळंच. गेली कित्येक वर्षं मावशी पिवळट प्रकाशातच जगत होती, आणि त्या सगळ्या काळात तिला चादर पिवळी वाटली नव्हती. कपडे वाळत घालताना, देवासमोर मोगऱ्याची फुलं ठेवताना तिला पांढरं पांढरंच दिसत होतं. भिंग जसजसं बदलत गेलं तसतसं मन आपला हिशोब दुरुस्त करत गेलं. दोन डोळ्यांची तुलना करायची वेळ आली, तेव्हाच तो हिशोब उघडा पडला.

असा हिशोब आपण सगळेच क्षणोक्षणी करतो. मे महिन्यात अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलेली असतात, जवळजवळ काळी. आतल्या खोलीत टेबलावर पांढरा कागद असतो. उपकरणाने मोजलं तर भर उन्हातल्या त्या काळ्या सोलांवरून डोळ्यात येणारा प्रकाश खोलीतल्या पांढऱ्या कागदावरच्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त भरतो. डोळा फक्त प्रकाश मोजत असता, तर सोलं पांढरी आणि कागद काळा दिसायला हवा होता. तसं होत नाही, कारण मन उन्हाचा आणि सावलीचा वाटा वजा करून उरलेलं आपल्यापुढे ठेवतं. आपल्याला दिसतो तो प्रकाश नव्हे. दिसतो तो प्रकाशावरून काढलेला निष्कर्ष. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याला अजाणता केलेलं अनुमान म्हटलं, आणि मला अजूनही याहून चांगला शब्द सापडलेला नाही. २०१५ साली एका झग्याच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता, आठवतं? काहींना तो निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी. फोटो एकच. झगा सावलीत आहे की पिवळ्या उजेडात, याबद्दल प्रत्येकाच्या मनाने न विचारता वेगळं गृहीत धरलं होतं.

कानाचंही तेच. आमच्या गोव्याच्या नकाशावर याचा पुरावा शेकडो वर्षं छापला जातो आहे. मडगाव, पेडणे, कुडचडे ही आपली गावं. पोर्तुगीजांनी ती लिहिली मार्गांव, पेर्नें, कुर्चोरें अशी. तिन्ही ठिकाणी आपला 'ड' त्यांच्या लिहिण्यात 'र' झाला. लहानपणी मला वाटायचं की त्यांनी मुद्दाम आमच्या नावांची मोडतोड केली. आता वाटतं, मडगावचा 'ड' त्यांना कदाचित तसा ऐकूच आला नसेल. दोन स्वरांच्या मध्ये येणारा 'ड' जीभ उलटी वळवून झटकन मारलेला असतो. पोर्तुगीज भाषेत तो वर्ण नाही, आणि त्यांच्या वर्णांपैकी त्याच्या सर्वांत जवळचा 'र'. कानावर आलेला आवाज मनाने ओळखीच्या कप्प्यात टाकला.

आणि आपणही निराळे नाही. इंग्रजीत बनियनच्या 'वेस्ट'चा 'व' वेगळा आणि पश्चिमेच्या 'वेस्ट'चा वेगळा. आपल्यापैकी बहुतेकांना तो फरक सांगूनही पटकन ऐकू येत नाही, कारण आपल्याकडे एकच 'व' आहे. हे कप्पे कधी बनतात? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅनडातल्या इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'ट' आणि 'त' यांसारखे आवाज वेगळे ओळखत होती. वर्षाची होत आली तोवर त्यांच्यातल्या बहुतेकांची ती क्षमता गेली होती. म्हणजे आपण पहिला शब्द बोलतो त्या सुमारास जगातल्या आवाजांची छाननी होऊन गेलेली असते. ही फक्त उणीव आहे असं समजू नका. त्या छाननीमुळेच बाजाराच्या गलबल्यातसुद्धा आपल्याला मासे विकणाऱ्या बाईचा भाव शब्दन् शब्द कळतो.

फोंडा तालुक्यात कवळ्याला शांतादुर्गेचं देऊळ आहे, तिथेच गौडपादाचार्यांचा मठ आहे. दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की ज्यांच्या नावाने हा मठ आहे, त्या गौडपादांनी आपल्या या विषयातला सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या ग्रंथात गुंफला आहे? परंपरेनुसार ते शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. मांडूक्य उपनिषदावरच्या त्यांच्या कारिकांत ते म्हणतात: अंधारात नीट न ओळखलेली दोरी जशी साप, पाण्याची धार अशा नाना रूपांनी कल्पिली जाते, तसाच आत्मा कल्पिला जातो. गौडपादांना त्यातून अद्वैत सिद्ध करायचं होतं. त्यांचा रोख थेट आत्म्याकडे आहे, मेंदूकडे नाही. हा फरक विसरून "आमच्याकडे हे विज्ञान आधीच होतं" म्हणणं मला त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं वाटतं. पण दाखला म्हणून दोरी आणि साप इतके नेमके आहेत की मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो.

पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेलेली असते. पायवाटेवर काहीतरी वेटोळं पडलं आहे. तुम्ही विचार करत नाही, मागे उडी मारता. मग बॅटरी पाडता आणि दिसतं, माडावर चढणाऱ्याची दोरी. आता दोन प्रश्न विचारू. पहिला: साप कोणी आणला? मनाने. वेटोळं, ओला अंधार, पावसाचे दिवस आणि लहानपणापासून ऐकलेली "पायाखाली बघ रे" ही ताकीद, एवढ्या सामग्रीतून. आणि मन सापाकडेच का झुकतं, यालाही कारण आहे. दोरीला साप समजलात तर छातीत धडधडण्यापलीकडे काही जात नाही. फुरशाला दोरी समजलात तर जीव जाऊ शकतो. ज्या पूर्वजांचं मन भीतीच्या बाजूने चुकत होतं, त्यांची लेकरं वाचली; आपण त्यांचे वंशज.

दुसरा प्रश्न कमी विचारला जातो: तिथे हत्ती का दिसला नाही? दोरीचा साप होतो, पाण्याची धार होते, वाळकी काठी होते. हत्ती होत नाही. ते मनाच्या हातात नाही. वेटोळ्याचा आकार, त्याची जाडी, ते पडलं आहे ती जागा, हे सगळं दोरीकडून येतं आणि मनाच्या कल्पनेला कुंपण घालतं. जग मनानेच घडवलेलं असतं असं म्हणणारे हा हत्ती विसरतात. मनाचा काहीच वाटा नाही म्हणणारे सापाला विसरतात. मला दोन्ही लक्षात ठेवावेसे वाटतात.

इथवर आपण चुका पाहिल्या. पण सगळं अगदी बरोबर दिसतं तेव्हासुद्धा मनाचा वाटा असतोच, हे ज्याने सर्वांत खोलवर दाखवलं तो जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. १७२४ साली क्योनिग्सबर्ग या गावी जन्मला आणि १८०४ साली तिथेच वारला. त्याला जागं केलं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या एका शंकेने. ती शंका कॅरमच्या पाटावर मांडता येते. स्ट्रायकर गेला, सोंगटीला लागला, सोंगटी भोकात गेली. आपण म्हणतो, स्ट्रायकरमुळे सोंगटी गेली. आता डोळ्यांनी काय पाहिलं ते अगदी प्रामाणिकपणे सांगा. स्ट्रायकर सरकला हे पाहिलं. तो सोंगटीला टेकला हे पाहिलं. सोंगटी सरकू लागली हे पाहिलं. आणि ते "मुळे"? ते कुठे होतं? त्याचा रंग कोणता, आकार कोणता? दोन घटना एकामागून एक दिसल्या. त्यांना बांधणारा धागा दिसला नाही. ह्यूम म्हणाला, तो धागा म्हणजे सवय. हजारदा असंच झालं, म्हणून आपण तशी अपेक्षा करतो.

कांटला हे पुरेसं वाटलं नाही. सवय व्हायला आधी अनुभव हवा. आणि "आधी हे, मग ते, ह्याच्यामुळे ते" अशी काहीच मांडणी नसेल तर अनुभव तरी कशाचा? नुसता रंगांचा आणि आवाजांचा चिखल. म्हणून १७८१ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, आठशेवर पानांच्या ग्रंथात त्याने प्रश्नच उलटा केला. आजवर आपण धरून चाललो की आपल्या ज्ञानाने वस्तूंशी जुळवून घ्यायचं. वस्तूच आपल्या जाणण्याच्या रीतीशी जुळून आपल्यापुढे येत असतील तर? कोपर्निकसने जसा आकाशाच्या फिरण्यातला पाहणाऱ्याचा वाटा दाखवला, तशीच ही उलटापालट आहे, असं तो दुसऱ्या आवृत्तीत म्हणतो. अवकाश, काळ, कार्यकारण या गोष्टी आपण जगातून वेचून आणत नाही. जग आपल्याला भेटतं तेच त्यांच्यातून. करून बघा: खोलीतलं सगळं सामान मनातल्या मनात काढून टाकता येतं, भिंती काढता येतात. पण जागाच काढून टाकता येते का?

मला हे समजायला आमच्या जुन्या घरातली खिडकी उपयोगी पडली. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. त्यातून दुधी, मऊ उजेड आत येतो. तो उजेड खरा असतो, बाहेरच्याच सूर्याचा. पण त्याचं दुधीपण शिंपल्याचं. जन्मभर त्या खिडकीआड राहिलेल्याला वाटेल, सूर्यच दुधी आहे. उपमा इथपर्यंतच चालते. आपण ती खिडकी उघडून बाहेर डोकावू शकतो. कांटचं म्हणणं असं की मनाची खिडकी उघडता येत नाही, कारण पाहणं म्हणजेच त्या खिडकीतून पाहणं. खिडकीशिवायचं जग आहे, ते तो नाकारत नाही. पण ते स्वतःत कसं आहे हे आपल्याला कळणार नाही.

कांटचं सगळंच टिकलं नाही. अवकाशाचे शाळेतल्या भूमितीचे नियम मनात कायमचे ठरलेले आहेत असं तो मानत होता. १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांताने दाखवलं की खऱ्या अवकाशाला वक्रता असते. पण "मुळे"बद्दल विसाव्या शतकाने भर घातली. बेल्जियमच्या आल्बेर मिशोत या मानसशास्त्रज्ञाने एक आकृती दुसरीला धडकून तिला ढकलते आहे असा देखावा लोकांना दाखवला. धडक आणि सरकणं लागोपाठ असेल तर पाहणाऱ्याला ढकलणं थेट दिसतं. मध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाइतका खंड पडला की तेच दृश्य दोन स्वतंत्र हालचालींचं होतं. खरं तर ढकलणारं तिथे कोणी नव्हतंच, नुसते आकार होते. मन "मुळे" नंतर विचाराने जोडत नाही. ते पाहण्यातच मिसळलेलं असतं.

आता फारियाकडे परत जाऊ, कारण त्याच्यामुळे विषय माणसामाणसांमध्ये येतो. तो पॅरिसला पोचला त्याच्या आधीच तिथे मेस्मर या डॉक्टरच्या "प्राणिज चुंबकशक्ती"चं वेड होतं. मेस्मरच्या माणसांनी हात फिरवला की रोगी थरथरत, बेशुद्ध पडत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतलं एक जर्दाळूचं झाड "चुंबकित" केलं गेलं आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलगा खरोखर बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडापाशी. समितीने निकाल दिला: चुंबकशक्ती नाहीच, हे सगळं कल्पनेचं काम. आणि कागद मिटले.

फारियाचं मोठेपण मला इथे दिसतं. तोही म्हणाला की चुंबकशक्ती खोटी. पण कल्पनेने धडधाकट मुलगा कोसळतो, ही काय मिटून टाकण्यासारखी गोष्ट आहे? १८१३पासून त्याने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. समोरच्याला शांत बसवायचं, झोपेवर मन एकाग्र करायला सांगायचं आणि मग आज्ञा द्यायची: झोपा. कारण माझ्या हातात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे, असं तो उघड सांगत होता. त्याची टिंगल झाली. १८१९ साली तो वारला, त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. आज संमोहनाचा अभ्यास करणारे त्याच्याच वाटेने चालतात.

गोव्यात त्याची एक आख्यायिका प्रत्येक घरात ठाऊक आहे. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिल्यावर तो घाबरून गप्प झाला. मागे बसलेले वडील कोंकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि तो बोलू लागला. खरं-खोटं देव जाणे. पण त्या एका वाक्याने समोरचा दरबार भाजीची जुडी झाला, हे मानसशास्त्राच्या दृष्टीने अगदी पटण्यासारखं आहे. शब्दाने आठवणसुद्धा बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या टकरीची चित्रफीत दाखवून वेग विचारला. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा" असं विचारलं त्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितले. "एकमेकींना लागल्या तेव्हा" विचारलेल्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या एका गटावर असाच प्रयोग करून आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? "आदळल्या" ऐकलेल्यांपैकी ३२ टक्के हो म्हणाले. चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, हे म्हणूनच गंभीरपणे घ्यायचं असतं.

यातून कोणी म्हणेल की मग सगळंच मनाचे खेळ. नाही. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू या आयरिश गृहस्थाने तत्त्वज्ञ जॉन लॉकला उद्देशून एक प्रश्न लिहून पाठवला होता: जन्मांध माणसाला हाताने गोळा आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली तर नुसतं बघून तो ते ओळखेल का? उत्तर बऱ्याच अंशी आपल्या देशात मिळालं. मेंदूवैज्ञानिक पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलं. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायची होती. त्यांचं उत्तर जवळपास अंदाजपंचेच येत होतं. डोळे निरोगी, उजेड भरपूर, पण आकार जुळेनात. आणि मग थोड्याच दिवसांत, कोणी शिकवल्याशिवाय, जुळू लागले. वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, तिच्याकडे बघत बघत त्या मुलांनी पाहण्याची रीत जगाकडूनच घेतली.

मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मागाहून झालं. सुरुवातीला तिला सगळंच निळसर वाटायचं, भातसुद्धा. चतुर्थीला गेलो तेव्हा मी मुद्दाम विचारलं, मावशी, अजून निळं दिसतं का? तिने गणपतीवर टांगलेल्या माटोळीखालच्या पाटावर अंथरलेल्या कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निळं कुठे, ती म्हणाली, पांढरं आहे की, नेहमीसारखं.